मेथीच्या जुडीखाली

मी राहते त्या गावाचं नाव डब्लिन. अमेरिकेत, ओहायोतलं. मुलगा इथं एका मोठ्या कंपनीत आहे, सून दुसऱ्या. आयर्लंड नावाच्या देशातही एक डब्लिन आहे आणि ते आमच्यापेक्षा जुनं आणि मोठं आहे, हे मला इथं येऊन चार वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या भूगोलात आयर्लंड नव्हतं.

त्यामुळे त्या हिवाळ्यात टीव्हीवर सारखं डब्लिन डब्लिन ऐकू यायला लागलं तेव्हा मला वाटलं, आपल्याच गावावर काहीतरी आलंय. बातम्या असायच्या ब्रिटनच्या. ब्रिटन युरोपातल्या देशांच्या व्यापाराच्या गटातून बाहेर पडणार होता. बाहेर पडायचं हे मतदानानं ठरून झालं होतं. भांडण चाललं होतं ते कसं पडायचं यावर. करार करून, की करार न करताच. त्यांच्या संसदेत हिरव्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं एकमेकांवर ओरडायची. रस्त्यावर दोन्ही बाजूंचे लोक झेंडे घेऊन समोरासमोर उभे असायचे. आणि मध्येच कोणीतरी म्हणायचं, डब्लिन. मी खिडकीतून बाहेर बघायची. बाहेर बर्फ, कुत्रं फिरवणारी एक बाई आणि कचऱ्याची गाडी.

विचारलं असतं तर घरातले हसले असते. म्हणून गप्प बसले.

ब्रिटनशी माझा संबंध एवढाच की माझी लेक बेलफास्टला राहते. जावई तिथं कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्यांना एक मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. पाचव्या वर्षापासून तिला मधुमेह आहे. म्हातारपणी होतो तो नव्हे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागतं. काही दिवस मिळालं नाही तर पोर जाईल. हे डॉक्टरांनी लेकीला सांगितलं, लेकीनं मला. मी ते विसरले नाही, आणि दुसरं कोणी विसरलं की मला राग येतो.

दर शनिवारी सकाळी लेकीचा फोन असतो. त्या शनिवारी म्हणाली, "आई, इथं सगळे वेडे झालेत. शेजारचे अंकल आणि हा, एकमेकांशी बोलत नाहीत."

"कशावरून?"

"नो डीलवरून. अंकल म्हणतात, करार झाला नाही तरी चालेल, एकदाचं बाहेर पडा. हा म्हणाला, माझ्या मुलीचं औषध बाहेरून येतं. तर अंकल म्हणाले, तुम्ही टीव्ही फार बघता."

"खरंच बाहेरून येतं?"

"जवळजवळ सगळंच. बंदरावर ट्रक अडकले तर उशीर होईल म्हणतात. पण आमचा फार्मसीवाला म्हणाला, घाबरू नका, तिकडून नाही आलं तर डब्लिनवरून मागवू."

मी ताठ बसले. डब्लिनवरून. म्हणजे इथून.

"घरात किती आहे?"

"महिन्याचं. नेहमीसारखं."

"जास्तीचं घेऊन ठेव."

"नाही घेता येत, आई. सरकारनं सांगितलंय, घरी साठा करू नका, आम्ही केलाय. सगळ्यांनी डबल घेतलं तर दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाला मिळणार नाही."

मी आयुष्यभर बेगमी केली. उन्हाळा संपायच्या आत चार महिन्यांचं धान्य, डाळी, मीठ, मिरची, सरपण, रॉकेल घरात आणून टाकायचं. ओढा भरला की गावाचा रस्ता बंद व्हायचा. बेगमी न करणाऱ्या बाईला आम्ही आळशी म्हणायचो. आणि माझ्या पोटची मुलगी मला सांगत होती की बेगमी करणं चूक आहे.

सोमवारी घरातले सगळे कामावर गेल्यावर मी बूट चढवले आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात चालत गेले. लेकीनं मागे कधीतरी औषधाच्या खोक्याचा फोटो पाठवला होता, तो फोनवर उघडून ठेवला. काउंटरवर एक आपल्याकडची दिसणारी मुलगी होती. हिंदी बोलली.

म्हटलं, "ये बेलफास्ट भेजना है. उधर से आपको बोला होगा ना?"

"किसने बोला, आंटी?"

"उधर का दुकानवाला. वो बोला, डब्लिन से मँगाएगा."

मग तिनं ओठ दाबून धरले. "आंटी, वो डब्लिन अलग है. वो आयर्लंड में है."

"दूसरा डब्लिन?"

"असली वाला."

चिठ्ठीशिवाय ती हे औषध देऊ शकत नव्हती, आणि चिठ्ठी असती तरी दुसऱ्या देशात पाठवू शकत नव्हती. तिनं मला बसायला खुर्ची दिली. मी बसले नाही.

संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "आई, तू तर इंटरनॅशनल स्मगलिंगच करणार होतीस!" मग त्यानं फोनवर नकाशा काढून दाखवला. बेलफास्ट ब्रिटनच्या राज्यात. रस्त्यानं तासभर खाली गेलं की दुसरा देश, आणखी तासाभरावर त्याची राजधानी डब्लिन. तो देश गटात राहणार, बेलफास्ट बाहेर पडणार. मधे आज साधं फाटकही नाही, पण करार न करता बाहेर पडले तर तिथं काय होईल हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

"तू टेन्शन घेऊ नकोस," तो म्हणाला. "असल्या देशांत औषधं संपत नाहीत."

"कशावरून?"

"अगं, असं होतच नाही."

सून हसली नव्हती. ती नुसती नकाशा बघत होती.

दर गुरुवारी सकाळी आमच्या इथल्या लायब्ररीत मराठी म्हातारे जमतात. चहा असतो, बिस्किटं असतात आणि भांडण असतं. त्या गुरुवारी भांडण ब्रिटनचंच होतं. रिटायर झालेले एक डॉक्टर अमेरिकेत येण्याआधी काही वर्षं इंग्लंडच्या हॉस्पिटलात होते, त्यामुळे ब्रिटनवर बोलायचा पहिला हक्क त्यांचा.

"तडक बाहेर पडावं," ते टेबलावर बोट आपटत म्हणाले. "करार कसला? निघायचंय तर निघा. दारात उभं राहून रडायचं कशाला?"

नागपूरचे एक इंजिनियर समोर बसले होते. "काहून जी? चाळीस वर्षांचा संसार, एका दिवसात भांडी उचलून चालले का? कोणाचं काय आहे ते तर पाहा पहिले."

"तुम्ही पाहत बसा. तारीख निघून जाईल."

"जाऊ द्या नं! तारखेसाठी घर जाळता का?"

दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसं होती आणि सगळ्यांचे आवाज चढले होते. लायब्ररीतली बाई येऊन एकदा बोट ओठावर ठेवून गेली. मला राहवलं नाही.

म्हटलं, "बाहेर पडा, राहा, काहीही करा. गाय कोणाकडे गेली ते सांगा."

"कुठली गाय, वहिनी?" डॉक्टर म्हणाले.

मग सांगितलं. सासरे गेल्यावर दीर वेगळे निघाले. निघायचं यावर भांडण नव्हतं. कसं निघायचं यावर होतं. गावातली चार माणसं बोलावून पुरुष तीन दिवस ओट्यावर बसले. बांध कुठून, विहिरीची पाळी कोणाची कधी, बैल कोणाचा, सगळं कागदावर लिहिलं. गाय दिरांच्या वाट्याला गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दावं सोडलं आणि गाय घेऊन गेले. माझा मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता, आणि माझं दूध आटलेलं. तो त्या गाईच्या दुधावर होता. कागदावर गाय होती, दूध नव्हतं. तीन दिवसांत एकालाही ते सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मला ओट्यावर कोणी बोलावलं नव्हतं.

"मग?" इंजिनियरांनी विचारलं.

"मग काय, पोर किंचाळत राहिलं. दुसऱ्या दिवशी जावेनं तांब्याभर दूध पाठवलं. फुकट नाही. जातं माझ्या वाट्याला आलं होतं. महिनाभर तिचं दळण मी दळलं."

मी डॉक्टरांपुढे फोन ठेवला. खोक्याचा फोटो दाखवला, नातीचं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, फोटो जवळ धरून वाचला.

"वहिनी, मला इथं लिहून द्यायला आता लायसन्स नाही. आणि असतं तरी इथून तिथं पाठवता येत नाही. वाटेत उष्णतेनं खराब होतं, गोठलं तर बादच होतं."

"मग लेकीनं जास्तीचं ठेवावं की नाही?"

"सरकार ठेवू नका म्हणतंय ते बरोबर आहे. मी तिथं नोकरीत असतो तर मीही तेच सांगितलं असतं."

"आणि तुमची नात असती तर?"

त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला.

"बोला नं आता, डॉक्टर," इंजिनियर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!" डॉक्टर त्यांच्यावर ओरडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक महिन्याचं जास्तीचं असावं."

शनिवारी मी लेकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, शंभर वेळा सांगितलंय मी तुला. नाही करायचं ते." मी म्हटलं, तुझ्या शहाणपणापायी पोर जाईल. तिनं फोन ठेवला.

पुढचे दोन शनिवार फोन आला नाही. मी केला तो तिनं उचलला नाही. मुलगा म्हणाला, तू बोललीसच तसं. बोलले होते. मार्चअखेरची तारीख जवळ येत होती आणि टीव्हीवर त्याच बाकांवर तीच माणसं एक ठराव आणायची, पाडायची, दुसरा आणायची, तोही पाडायची. मी दिवसभर बसून बघायची. शब्द कळायचे नाहीत, कोण हरलं ते तोंडांवरून कळायचं. जेवतानाही तो चालूच असायचा. सुनेनं एकदा टीव्ही बंद केला. मी परत लावला.

तिसऱ्या शनिवारी फोन वाजला. पडद्यावर नात होती, एकटी.

"आजी, आर यू अँग्री विथ मम्मा?"

"हो."

"शी इज अँग्री विथ यू टू." तिला त्यात गंमत वाटत होती.

"आई कुठाय?"

"शॉपमध्ये. पप्पा वर आहे, मीटिंगमध्ये."

"सुई टोचून घेतलीस?"

"येस, आजी."

"औषध कुठाय, दाखव मला."

तिनं फोन उचलून फ्रिजपाशी नेला. दारातल्या कप्प्यात दोन खोकी होती.

"एवढंच?"

तिनं जिन्याकडे बघितलं. मग फोनच्या अगदी जवळ तोंड आणून कुजबुजली, "इट्स अ सीक्रेट, ओके?" आणि खालचा भाजीचा कप्पा ओढला. आत मेथीची एक जुडी होती. पिवळी पडलेली, बरेच दिवसांची. मला आश्चर्य वाटलं. माझी लेक लहानपणापासून मेथीला हात लावत नाही, आमटीत चार पानं दिसली तरी ताट सरकवायची.

"मेथी कोण खातं तुमच्याकडे?"

"इट्स नॉट फॉर ईटिंग, आजी." तिनं जुडी उचलली. खाली प्लास्टिकचा डबा होता, डब्यात खोकी. मी मोजली. सात. "मम्मा एव्हरी मंथ थोडं अर्ली आणते. पप्पाला नाही माहीत. तू मम्माला सांगू नकोस मी दाखवलं."

"नाही सांगत. कप्पा लाव."

लेक माझ्याशी खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या मुलाला कमी पडेल असं तिला खरोखरच वाटत होतं, आणि तसं वाटत असतानाच ती डबा भरत होती. नवऱ्यापासून लपवत होती, माझ्यापासून लपवत होती. त्या सातांतलं एखादं खोकं कोणाच्या तरी वाट्याचं असेल. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खोटं कशाला लिहू.

पण जीव शांत झाला असंही नाही. दुसरीच काळजी लागली. आमच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवलेली काकडी गोठते. डॉक्टर म्हणाले होते, गोठलं तर बाद. सातच्या सात खोकी मागच्या बाजूला असतील तर? आणि विचारू कशी? पोरीला शब्द दिला होता.

पुढच्या शनिवारी लेकीचा फोन आला.

"तारीख पुढे ढकलली," ती म्हणाली. मागचं काही बोलली नाही. "आता एप्रिलात बघू म्हणतात."

"टीव्हीवर बघितलं."

"तुझी तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

तिच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता, तो मला ऐकू येत होता.

मी म्हटलं, "मेथी फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवू नकोस. गोठते."

नळ बंद झाला.

"पुढेच ठेवलीये," ती म्हणाली.

"आणि जुनी आधी वापर. नवी खाली ठेव."

"हो, आई. ते मला कळतं."

तारीख त्यानंतर आणखी ढकलली, परत ढकलली. शेवटी तो देश बाहेर पडला, करार करून. नातीचं औषध एक दिवसही चुकलं नाही. डॉक्टर म्हणाले, बघा, उगाच घाबरत होतात. इंजिनियर म्हणाले, करार केला म्हणून वाचले जी. ते अजून त्यावर भांडतात. मी आता त्यात पडत नाही. हल्ली कधी हा देश, कधी तो देश, कुठल्या ना कुठल्या गटातून निघायच्या गोष्टी चालूच असतात. शनिवारी फोन आला की मी विचारते, मेथी आहे ना?

मागच्या शनिवारी विचारलं. म्हणाली, "आहे. दोन जुड्या."