नाव नवव्या दिवशी

फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. तिसगावात माझं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, आणि समोर एक जण करपा पडलेली कांद्याची पात हातात घेऊन उभा होता. पलीकडून सुमनवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले हो सकाळी..." मी "बरं, येतो" म्हणालो. काय बरं होतं त्यात? फोन ठेवून मी त्या गिऱ्हाइकाला पंधरा लिटरच्या पंपाला औषध किती टाकायचं, ऊन उतरल्यावरच फवारायचं, हे सगळं नीट समजावून सांगितलं. तो गेल्यावर पोत्यावर बसलो. गेला तो प्रल्हाद, मिरजगावचा, माझा तीस वर्षांपासूनचा मित्र. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला. वर्षभर डायलिसिसवर होता, तेव्हा बातमी अचानक आली असं म्हणता येणार नाही. पण दीड महिना होत आला तरी मी त्याच्याबद्दल कुणाशी धड बोललेलो नाही. त्याच्याबद्दल बोलायचं तर ज्या गोष्टींबद्दल बोलावं लागतं, त्या मी फक्त त्याच्याशीच बोलत होतो.

आमची ओळख एसटीत झाली. मी जामखेडला एका साखरपुड्याला गेलो होतो. परतताना शेजारी एक सडपातळ माणूस खाकी कव्हर घातलेलं पुस्तक वाचत बसलेला. शाळेच्या पुस्तकांना घालतो तसलं कव्हर. मलाही वाचायचा नाद होता, पण बेताचाच. दिवाळी अंक आणि हाताला लागतील त्या रहस्यकथा. मी विचारलं, "कुठलं पुस्तक?" तो म्हणाला, "वाचा, मग सांगतो." मग आपल्याकडे जे विचारतातच ते मी विचारलं. गाव कुठलं? "मिरजगाव." आडनाव? तो हसला, पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "ते पन मगच सांगतो." नगरच्या स्टँडवर उतरताना त्यानं माझा पत्ता लिहून घेतला आणि पुस्तक चक्क माझ्याकडेच ठेवलं. आतलं नावाचं पानसुद्धा खाकी कागद डकवून बंद केलेलं. विहीर खणणाऱ्या माणसांची गोष्ट होती. पाणी शेवटपर्यंत लागतच नाही, आणि कोणी रडतही नाही. असलं काही पुस्तकात असू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं. नवव्या दिवशी स्वारी माझ्या दुकानात हजर. "आता बोला," म्हणाला.

ही त्याची रीत. पुस्तक असो, गाण्याची कॅसेट असो, पुढं सीडी आणि पेनड्राईव्ह आले तरी तीच. नाव झाकायचं, कुणाचं आहे ते झाकायचं, आणि हातात ठेवायचं. पुढचे आठ दिवस दोघांनीही त्याबद्दल तोंड उघडायचं नाही. नवव्या दिवशी बोलायचं, भांडायचं, आणि सगळ्यात शेवटी तो नाव सांगणार. सिनेमा असेल तर सुरुवातीची आणि शेवटची नावांची पट्टी तो कापूनच टाकायचा. त्यासाठी रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर शिकला. हे सगळं तो कुठून मिळवायचा, देव जाणे. रविवारी पुण्याच्या फुटपाथवर पुस्तकं उपसत बसायचा, परदेशातल्या कुणाकुणाला पत्रं लिहायचा, आणि सिनेमाचा महोत्सव असला की ऑफिसात एखादा दूरचा नातेवाईक आजारी पाडायचा. त्याचा एक मामा असा सात-आठ वेळा अत्यवस्थ झाला आणि पुढं नव्वदीत सुखानं वारला.

एकदा त्यानं एक कॅसेट दिली. कुठल्याशा डोंगराळ मुलखातल्या बायका, वाद्य नाही काही नाही, नुसत्या गळ्यानं गात होत्या. मी ती दुकानात लावली. बियाणं घ्यायला आलेली एक म्हातारी बराच वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "कोन मेलंय रं ह्यांचं? बंद कर बाबा, मला घरी जायचंय." नवव्या दिवशी मी स्वरांबद्दल वगैरे काहीबाही बोललो आणि सहज हे सांगितलं, तर तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "आजीला कळलंय! तुला न्हाई कळलं, तू नुसता कौतुक करतोयस." ते गाणं खरंच मयतीचं होतं.

'छान' या शब्दाचं त्याला भारी वावडं. एका कादंबरीबद्दल मी तसं म्हणालो, तर खवळला. "छान? तू काय मुलगी बघायला गेल्तास का? न्हाई आवडलं तर न्हाई आवडलं म्हन. दोन शिव्या घाल. पन छान म्हनून मला वाटेला लावू नको." पुस्तक परत माझ्याकडेच दिलं, पुन्हा वाचायला. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. निम्म्याहून अधिक वेळा मला त्याचं दिलेलं आवडायचं नाही. मी तसं सांगायचो आणि तो खुलायचा. मिरजगावात नाहीतर तिसगावात, खुर्चीला खुर्ची लावून आम्ही असे कडाकडा भांडायचो की बघणाऱ्याला वाटावं, यांचा बांधाचा वाद आहे.

नावं का झाकतोस, हे मी फार उशिरा विचारलं. विचारायची हिंमत झाली नव्हती म्हणा, किंवा थोडं माहीत होतं म्हणा. तो म्हणाला, "आमच्या मराठीच्या सरांना वहीवर आधी नाव दिसायचं. मग निबंध वाचायची गरजच पडायची न्हाई त्यांना. एकदा मी शेजारच्या पोराला निबंध लिहून दिला. त्याला धाच्या धा. माझ्या वहीत नुसत्या लाल रेघा." एवढंच. आवाज चढवून नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मग म्हणाला, "तू पन एसटीत पहिलं काय विचारलं हुतंस?" मला तोंड वर करवेना. त्यानंच पाठीवर थाप मारली आणि विषय बदलला. त्याच्या घरच्यांनी धर्म बदलला तो त्याच्या जन्माच्या आधी. पण आडनाव विचारणारे काही बदलले नव्हते, आणि मी त्यातलाच एक. तरी त्यानं पुस्तक माझ्याकडे ठेवलं होतं. का, ते मी कधी विचारलं नाही.

आता जे लिहायचं ते लिहायला मला दीड महिना लागला. शेवटच्या दिवसांत त्याला प्रवास जमत नव्हता. तिसगावच्या बाजाराला येणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर त्यानं खाकी पाकिटात एक पेनड्राईव्ह पाठवला. दुकानात हंगामाची गर्दी होती, पण ते खरं कारण नाही. खरं हे, की तो आजारी पडल्यापासून मला त्याच्या सिनेमांची भीती वाटायला लागली होती. त्या संथ, मुक्या सिनेमांत कुणीतरी मरणारच आणि मी एकट्यानं ते बघायचं... मला नको होतं. मी पाकीट गल्ल्यात टाकलं. उघडलंच नाही. नवव्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. "मग? बघितलास?"

"बघितला ना. छान होता."

तो म्हणाला, "शेवट कसा वाटला?"

"शेवट तर... मनाला लागतो."

मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाला, "बरं... दुकान कसं चाललंय?" तीस वर्षांत त्यानं दुकानाची चौकशी कधी केली नव्हती. माझं लक्ष तिथंच जायला हवं होतं. सिनेमाचं नाव त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर अकरा दिवसांनी तो गेला.

तो गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो, पण माणसांच्या गर्दीत वहिनींशी बोलणं झालं नाही. परवा नगरला गाडी बदलून पुन्हा गेलो. वहिनींनी मला त्याच्या खोलीत बसवलं, टेबलाच्या खणातून एक पेनड्राईव्ह काढला आणि म्हणाल्या, "हा तुमचा, भाऊजी. त्या येळी ह्यांनी चुकून दुसराच दिला टेम्पोवाल्याकडं. नाव तर कशावरच टाकत नव्हते, सगळे सारखेच दिसायचे. तुमच्याकडं आलाय त्यात नातीच्या वाढदिवसाचे फोटो हायेत."

कसंबसं विचारलं, "त्याला कळलं होतं?"

"दुसऱ्याच दिवशी. मी म्हनलं, फोन करून सांगा. तर म्हनले, नको, फोटो बघून तोच फोन करंल, लई हसंल. आठ दिवस वाट बघत हुते. फोन वाजला की आधी तुमचाच का बघायचे. तुमचा आला न्हाई, मग त्यांनीच लावला."

"आणि फोन झाल्यावर? काय म्हणाला?"

वहिनी पदराचं टोक सरळ करत राहिल्या. "काय न्हाई. म्हनले, दमलाय तो."

शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्यानं मला माफ करून टाकलं, तेही माझ्याकडे कबुलीसुद्धा न मागता, आणि आयुष्यभर ज्या शब्दाचा त्याला तिटकारा होता तोच शब्द शेवटी माझ्याकडून ऐकून घेतला. मी वहिनींना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हाय."

मग त्याच खोलीत, त्याच्याच लॅपटॉपवर मी तो सिनेमा लावला. दुपारची वेळ होती, बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. कुठल्यातरी थंड मुलखात दोन बहिणी आईचं घर रिकामं करतायत. एक भांडी कागदात गुंडाळते, दुसरी ती परत उघडून बघते. दोन तास एवढंच. कोणीही मरत नाही. जे मरायचं ते सिनेमा सुरू व्हायच्या आधीच मेलेलं. मी ज्याला भीत होतो ते त्यात नव्हतंच. त्या सिनेमाचं नाव मला आता कधीच कळणार नाही. वहिनींनाही ठाऊक नाही, आणि कशाची नोंद वहीत ठेवणाऱ्यातला तो नव्हता.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि कॉटवर टेकल्या. "कसा हुता?"

"आवडला नाही, वहिनी. फार लांबवलाय. त्या धाकटीनं एकदा तरी ओरडायला हवं होतं."

त्यांनी तो पाहिलेला नव्हता, आणि मला जे ऐकायचं होतं ते त्यांच्याकडे असणार तरी कसं? मी मात्र थांबेना. धाकटी का चुकली, थोरली कशी खोटी वाटते, शेवट कसा पाच मिनिटं आधीच व्हायला हवा होता, सगळं सगळं बोलत सुटलो. आवाज चढला माझा. प्रल्हाद असता तर दुसऱ्याच वाक्याला त्यानं मला अडवलं असतं. मी मधेमधे थांबत होतो, सवयीनं, त्याला बोलता यावं म्हणून. आणि दर वेळी पुढचं वाक्य मलाच बोलावं लागत होतं.