सोळा सॉकेट

आमच्या स्वेटरकाकांचं खरं नाव पगाराच्या दिवसाशिवाय कुणाला आठवत नाही. सर्व्हर रूममध्ये बारा महिने गारठा, म्हणून बाहेर अंग भाजून निघत असलं तरी यांच्या अंगात काकूंनी विणलेला तपकिरी स्वेटर असतोच. आमचा धंदा विजेच्या घाऊक सामानाचा. बटणं, सॉकेट, वायरी, पंख्याचे रेग्युलेटर. कुठल्या गोदामात किती माल, कुणाचं बिल निघालं, कुठली गाडी सुटली, हे सगळं काकांच्या चार सर्व्हरवर चालतं. ते बसले की आम्हीही बसलो.

मी खरेदी बघते. तोंडाने फटकळ आहे, पण काकांपुढे माझा आवाज चढत नाही. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा महिनाभर माझी सगळी बिलं या माणसाने स्वतःचं काम सांभाळून काढली, आणि वर मलाच म्हणाले, "बरं झालं बाई, माझा वेळ जात नव्हता." असं खोटं बोलायलाही मन मोठं लागतं.

तर या काकांच्या घरी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हात हळूहळू सुधारला, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सकाळी त्या थकलेल्या असतात, संध्याकाळी पेंगतात. दुपारी घरच्या माणसाने समोर बसून बोलायचा सराव करून घ्यायचा, रोज, तरच काही आशा. आता काका दुपारी घरी जाणार कसे? जुनं सॉफ्टवेअर सर्व्हरवर नजर ठेवायचं खरं, पण त्याची बोंब फक्त त्या खोलीतल्या पडद्यावर. तिथे माणूस बसलेला हवाच.

नेमकं तेव्हाच ते जुनं सॉफ्टवेअर बंद होणार असं कळलं आणि नवं घ्यायची वेळ आली. काकांनी चार-पाच तपासून एक निवडलं. त्याच्या दोन आवृत्त्या होत्या. साधी ऑफिसातच चालायची. वरचीत घरी बसून सगळे सर्व्हर दिसायचे, एक आजारी पडला तर त्याचं काम दुसऱ्यावर सरकवताही यायचं. मला वाटलं, सुटला प्रश्न. तर या गृहस्थांनी शेठना सुचवली साधी.

"अहो, का पण?" मी विचारलं.

"धंद्याला साधी पुरते. माझ्या घरासाठी शेठनी का खर्च करावा? मी महिनाअखेर सोडतोय. नव्या माणसाला शिकवून जाईन."

माझं डोकंच फिरलं. भल्या माणसाला इतकंही भलं असू नये.

दुसऱ्या दिवशी काका काकूंना घेऊन तपासणीला गेले होते, आणि सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन शेठनीच घेतला. लायसन्स सॉकेटवर असतं, तुमचे सॉकेट किती, असं त्याने विचारलं. शेठ खुर्चीत सरसावून बसले. आयुष्य सॉकेट विकण्यात गेलेलं. "सगळे मोजायचे?" "नाही साहेब, रिकाम्या सॉकेटचे पैसे नाहीत. भरलेलेच सांगा." शेठना व्यवहार फारच सचोटीचा वाटला. स्वतः सर्व्हर रूममध्ये गेले, वाकून, गुडघ्यावर बसून पिना मोजल्या आणि सांगितलं, सोळा. त्यांनी साध्या आवृत्तीचा सोळाचा भाव पाठवला, शेठनी हिशेबनीसाला सांगून मंजूरही केला.

काका आले, कागद बघितला आणि म्हणाले, "शेठ, आपले आठच."

"सोळा. मी स्वतः मोजलेत, चल दाखवतो." शेठ त्यांना हाताला धरून घेऊन गेले, मागोमाग मी. भिंतीशी उभं राहून शेठ एकेक पिन बोटाने दाखवत होते. काकांनी कपाटातून एका जुन्या सर्व्हरचा मदरबोर्ड काढला. "शेठ, त्यांचा सॉकेट हा. यात प्रोसेसर बसतो. एका सर्व्हरमध्ये दोन."

शेठनी तो चष्म्याखालून आणि चष्म्यावरून बघितला. "याला सॉकेट कोण म्हणतं? यात तर पिनसुद्धा जात नाही."

मी तोंडावर ओढणी धरली. काका खाली बघत होते, पण स्वेटर हलत होता. शेवटी शेठच हसले, तेव्हा आमची सुटका झाली.

तेवढ्यात मला सुचलं. "शेठ, रक्कम तर सोळाची मंजूर आहे. तेवढ्यात आठ सॉकेटना वरची आवृत्ती बसते."

"वरचीत काय जास्त?"

"काही नाही," काका घाईघाईने म्हणाले.

"काही नाही कसं?" आणि मग मी सगळं सांगून टाकलं. काकू, दुपारचा सराव, महिनाअखेर, सगळं. काका माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांची चोरी पकडून दिली.

शेठ काकांना म्हणाले, "वीस वर्षं झाली आपल्याला. मला का नाही सांगितलंस?"

"घरचं दुखणं दुकानात कशाला, शेठ."

"वरची घ्या," शेठ मला म्हणाले. "गुडघे दुखेपर्यंत सोळा मोजलेत मी, फुकट घालवणार नाही."

आता काका सकाळी येतात आणि दुपारी घरी जातात. परवा भर दुपारी त्यांचा फोन आला. मी उचलताच विचारलं, "सर्व्हर बसला?"

"बसत होता," काका म्हणाले. "आम्ही सरावाला बसलो होतो. एक सर्व्हर तापला आणि समोरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर त्याचा चौकोन लाल झाला. आता आमचा संसार तुला माहीत आहे. फोन वाजला की मी ताटावरून उठून पळणार, हिने झाकून ठेवायचं. तर हिने तो लाल चौकोन बघितला, दाराकडे हात केला आणि म्हणाली, जा."

"बोलल्या?"

"स्पष्ट. जा म्हणाली. मी इथूनच काम दुसऱ्या सर्व्हरवर सरकवलं, चौकोन हिरवा झाला. म्हटलं, बघ, आता जायला लागत नाही. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग दुसरा शब्द बोलली."

"कुठला?"

"बसा म्हणाली. बसलोय."