गेटवरची हिरवी खूण

बबनअण्णांचा कॉम्प्युटरवर विश्वास होता, पण उलटतपासणी केल्याशिवाय नाही. राहायला भरे गावात आणि नोकरीला पिरंगुटजवळच्या एका सलाइनच्या कारखान्यात, मालाच्या रवानगीवर. पडद्यावर काहीही दिसलं की विचारायचे, "दिसतंय व्हय, पर आलंय कुठनं?" पहिल्याच आठवड्यात मी या प्रश्नाला कंटाळलो.

मी तिथे आमची जावामध्ये लिहिलेली प्रणाली बसवत होतो. प्रयोगशाळेने लॉट, म्हणजे एका खेपेच्या बाटल्या, अडवला की गेटच्या कॉम्प्युटरवर लाल खूण, पास केला की हिरवी. तरीही अण्णा प्रत्येक गाडी सोडण्याआधी प्रयोगशाळेला फोन करायचे. आता त्याची गरज नाही, असं मी त्यांना दोनदा समजावलं होतं, जरा शिष्टपणेच.

एका दुपारी त्यांनी असाच फोन केला. लॉट अडवलेला होता, बाटल्यांत कण सापडले होते. गेटवर मात्र हिरवी खूण, आणि गाडी भरून उभी. अण्णांनी गाडीची किल्ली खिशात घातली आणि मला बोलावलं.

मी प्रयोगशाळेचे निकाल ठेवणारा सर्व्हर तपासला. ठणठणीत. बंद करून चालू केला. खूण हिरवी ती हिरवीच. मला घाम फुटला. सर्व्हर बरोबर आहे, असं मी तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा अण्णा म्हणाले, "आसंल. पर ह्यो कॉम्प्युटर त्यालाच इचारतोय कशावरनं?"

मी गेटच्या कॉम्प्युटरमधली कॉन्फिगरेशन फाईल उघडली. पत्ता आमच्या चाचणीच्या सर्व्हरचा. तिथे कुठलाही लॉट विचारा, उत्तर पास, अशी सोय मीच केली होती. ती चाचणीची फाईलही मीच न बदलता इथे चिकटवली होती. पत्ता दुरुस्त केला, खूण लाल झाली. सुटलो म्हणून मी खुर्चीत टेकलो.

"ही फाईल आनि कुटं कुटं ठिवलीया तुमी?"

ठेवली होती. याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यात. तिथे फोन लावला आणि गाड्या प्रयोगशाळेला विचारून सोडता ना, असं विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "नाही साहेब. तुम्हीच बंद करायला सांगितलंत."

अडवलेला लॉट घेऊन तिथून सकाळी सुटलेली एक गाडी अर्ध्या वाटेतून परत बोलवावी लागली. ती परत पोचल्याचा निरोप येईपर्यंत मी दर पाच मिनिटांनी तिथे फोन लावत होतो. पाळी संपूनही अण्णा माझ्याजवळ बसून राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "घाबरलात त्ये बरं झालं. ती बाटली ज्याला लावनार, त्याला तर घाबराय बी मिळालं नसतं."

अण्णा यंदा गेले. मी अजून घाबरूनच काम करतो.