झुकलेलं गवत

त्याला सगळे फक्की म्हणत. मैदानावर रेघा मारायची ती पांढरी भुकटी त्याच्या नखांत, भुवयांत, विजारीच्या खिशात कायम असायची, म्हणून. लोकांचे परस आखून देणं हा त्याचा धंदा. झाडं कुठं, वाफे कुठं, बसायचा कट्टा कुठं, हे सगळं तो दोरी-खुंट्या लावून फक्कीनं जमिनीवर काढून दाखवी. पायवाट मात्र कधीच काढत नसे. "ती तुम्हीच काढाल," म्हणायचा. मोकळ्या जागेत गवत वाढू द्यायचं, घरच्यांना हवं तसं हिंडू द्यायचं, आणि गवत दबेल तिथंच फरशा बसवायच्या. घाईची गिऱ्हाइकं वैतागत. हा ढिम्म. पायांच्या मनाविरुद्ध वाट टाकली की माणसं फरशी सोडून मातीतूनच जातात, हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं.

बायको गेल्यापासून तो दोन खोल्यांत एकटा राहायचा. दारापुढे माळ, माळाच्या पलीकडे थोरल्या बहिणीचं घर आणि तिचा तो अवाढव्य, ओसाड परस. दाजींना हृदयाचा झटका आला. दवाखान्यातून आणल्यावर त्यांची खाट मागच्या खोलीत, खिडकीशी लावली, आणि ताईनं त्याला बोलावून घेतलं.

"जगाचे परस सजवलेस. बहिणीच्या परसात काटे. बरं दिसतं का?"

"तू कधी सांगितलंस?"

"आता सांगते. यांना उठून बाहेर यावंसं वाटेल असं काहीतरी कर." तिनं आवाज खाली आणला. "ते जगायचा कंटाळा केल्यासारखे पडून असतात रे."

आतून दाजी ओरडले, "मेहुणे, फुकटचं काम आहे, सावकाश करा!"

"फुकट कुठलं दाजी, जेवण धरून आहे!"

"मग फारच महागात पडलं."

फक्कीनं काटे काढले, माती उलथली, लिंबाच्या झाडाला आळं केलं, कडेनं वाफे आखले. मधली सगळी जागा गवताला सोडली. गवत घोट्यापर्यंत आलं तेव्हा मागच्या दारापासून कपड्यांच्या तारेपर्यंत एक पट्टा दबला. तो ताईचा. दुसरा पट्टा दिसला तो पार टोकाला, कुंपणाच्या भिंतीशी. तिथं ना नळ, ना झाड, ना दार.

"कुत्रं असेल," ताई म्हणाली.

फक्की खाली बसला. गवत चालणाऱ्याच्या दिशेनं झुकतं. रोजच्या वाटेवर काही पाती जाताना झुकतात, काही येताना. इथं एकूणएक पातं घराकडे झुकलेलं होतं. जे कोण होतं ते फक्त येत होतं. त्याची नजर त्या पात्यांवरून सरळ पुढे गेली आणि दाजींच्या खिडकीवर थांबली.

पट्टा वाढत लिंबापाशी आला. तसतशी दाजींची थट्टा आटत गेली. एका दुपारी ते खिडकीतून म्हणाले, "मेहुणे, उन्हात कशाला उभं ठेवता त्यांना? आत बोलवा."

"कुणाला?"

"तुमच्या माणसाला. आधी भिंतीशी असायचा, आता झाडाखाली असतो. सभ्य वाटतो."

फक्कीनं कधीच माणूस ठेवला नव्हता. त्यानं झाडाखाली पाहिलं. सावली होती, आणि सावलीत गवत हळूहळू दबत होतं.

जन्मात पहिल्यांदा त्यानं वाट अडवली. खिडकीसमोर, परसाच्या रुंदीभर, मेंदीची दाट रोपं लावली. दुसऱ्या दिवशी मेंदीच्या अलीकडेही गवत झोपलेलं होतं. मेंदीचं पानसुद्धा तुटलं नव्हतं. खिडकीपर्यंत आता खाटेच्या लांबीएवढं गवत तेवढं उभं राहिलं होतं.

ताई मागच्या पायरीवर आली. दाजींचा न प्यायलेला चहा तिच्या हातात तसाच होता. "थांबव ते. काय वाटेल ते कर, पण थांबव."

"तुला दिसतंय?"

"मला गवतातलं काही कळत नाही. मला यांचं तोंड दिसतं."

फक्कीनं मेंदीकडे पाहिलं. अडवून पाय थांबत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण पाय वळतात. तुडवलेलं दिसलं की येणारा तिकडे जातो. मात्र ती वाट कुठंतरी पोचावी लागते, कुणाच्या तरी दारात. नाहीतर पाय परत फिरतात. त्यानं जड बूट चढवले. दबलेल्या टोकापासून तो निघाला, खिडकीला पाठ करून बाजूच्या फाटकातून बाहेर, माळावरून थेट आपल्या दारापर्यंत. परत येताना डांबरी रस्त्यानं वळसा घालून आला. एकही पातं उलटं झुकता कामा नये. मग पुन्हा निघाला. असा तो दिवसामागून दिवस चालला.

"मेहुणे, नेहमी जाताना दिसता, येताना नाही. डोकं फिरलं का?"

"चालायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"माझ्या डॉक्टरांनी? चालायला सांगितलं मला, आणि चालता तुम्ही होय?"

दाजी हसले, आणि हसण्यानं खोकले. खिडकीखालचं गवत हलकेच उठायला लागलं होतं.

ज्या दिवशी ते सगळं उभं राहिलं, त्या दिवशी दाजी उशीला टेकून बसले. "गेला वाटतं तो. वळून हात केला मला. चहा आण गं, साखर टाक चांगली."

"साखर मिळायची नाही!" ताई ओरडली, आणि पदर तोंडाशी धरून तिथंच खाली बसली. जरा वेळानं भावाकडे पाहून म्हणाली, "जेवून जा."

"नको. कुणीतरी यायचंय घरी."

"तुझ्याकडे? तुझ्याकडे कोण येतं?"

तो फाटकाबाहेर पडला. माळावरची वाट त्यानं एकट्यानं पाडली होती. दोघं शेजारी शेजारी जाऊ शकतील एवढी ती आता रुंद झाली होती. ऊन स्वच्छ होतं. तो डाव्या अंगानं चालला. उजवीकडचं गवत त्याच्या बरोबरीनं, थोडं पुढे, दबत गेलं. त्यानं एकदाही मान वळवली नाही.

घरी पोचल्यावर दार सताड उघडलं, आणि दारात वाऱ्याला बसायची खुर्ची होती ती उचलून भिंतीला लावली, येणाऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून.