शिंगाड्याची टाकी

"भोक दिसलं की बुजवावं, अन् माणूस दिसलं की थांबवावं."

हा मुंजाबाचा बोल. गंगापूरच्या वाटेवरच्या त्या धनगरवस्तीत हा बोल कानावर पडल्याशिवाय दिवस मावळत नसे. त्यातला पहिला अर्धा भाग त्याला बापाकडून मिळालेला. बाप मेंढरं घेऊन गोदाकाठानं हिंडायचा आणि पाठीवर पाण्याची कातडी मशक असायची. भर माळावर मशकीला भोक पडलं तर माणसांच्या घशाला कोरड. म्हणून बाभळीचा काटा, चिंधी, मेण, जे हाताला येईल त्यानं बाप ते बुजवायचा आणि पुढं चालायचा. दुसरा अर्धा भाग मात्र मुंजाबाचा स्वतःचा. त्याची बायको सुगंधाबाई म्हणायची, तो काय बोल नाय, आजार हाय. वाटेनं जाणारा सायकलवाला असो की एसटी चुकलेला पाहुणा, मुंजाबा त्याला हाक मारून थांबवणार आणि "पोलिस ॲक्शनच्या साली मी रांगत होतो बघा," इथून सुरुवात करणार. तो पाहुणा मग पुढचीही एसटी चुकवायचा.

मेंढरं पुढं कमी झाली, माळ नांगराखाली गेले आणि मुंजाबा झाडं तोडायच्या कामाला लागला. आधी कुऱ्हाडीनं तोडायचा. मग एका उन्हाळ्यात वेरूळच्या घाटात त्याला एक मुकादम भेटला. भेटला म्हणजे मुंजाबानंच त्याला थांबवला. त्या मुकादमाकडं पेट्रोलवर चालणारी, साखळीच्या दातांची, झाडं कापायची एक जुनी मशीन होती. बोलता बोलता सौदा ठरला. मुकादम मेंढा घेऊन गेला आणि मुंजाबा मशीन घेऊन आला.

तो मेंढा म्हणजे शिंगाड्या. सुगंधाबाईनं त्याला तळहातावर दूध पाजून वाढवला होता. वळलेली शिंगं, काळं तोंड, आणि चाल अशी की पाटलानं बघावी. त्या दिवशी ती चुलीपुढून उठली नाही. उठली तेव्हा मशीनकडं बोट करून इतकंच म्हणाली, "याचं नाव बी शिंगाड्याच ठेवा. हाक मारायची सवय तरी मोडणार नाय."

मुंजाबाला वाटलं, बायकोनं माफ केलं. पण सुगंधाबाईनं माफ केलं नव्हतं, तिनं नुसतं नाव ठेवलं होतं.

नवा शिंगाड्या जुन्यासारखाच ओरडायचा, धूर काढायचा आणि रुसला की दोरी कितीही ओढा, हलायचा नाही. पण लाकूड असं कापायचा की भुसा पिठासारखा उडायचा. बरीच वर्षं त्यानं साथ दिली. मग एकदा तो लिंबाच्या फांदीवरून निसटून खाली दगडावर आपटला आणि त्याच्या टाकीच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर गेली. तेव्हापासून पेट्रोल थेंब थेंब गळायला लागलं.

"आवं, शिंगाड्या पुन्यांदा मुतला," सुगंधाबाई सकाळी झाडता झाडता ओरडायची.

"घाम असंल त्यो," मुंजाबा गोधडीतून म्हणायचा.

मुंजाबा मशीन घरातल्या खुंटीला टांगायचा, पात्याचं तोंड वर आणि बूड खाली करून. त्या खुंटीखाली बाजरीची कणगी होती. आता पुढं काय झालं असेल हे सांगायला जाणकार लागत नाही. पण ते झालं ते नेमकं लेकीची सासू, वेरूळची आवडाबाई, मुक्कामाला आली त्या दिवशी. सुगंधाबाईनं गरम भाकरी थापली, वर लोणी ठेवलं. आवडाबाईनं घास मोडला, नाकाशी नेला, खाली ठेवला. मोठी सुसंस्कारी बाई. हसून म्हणाली, "इहीणबाई, आमच्याकडं भाकरीला चुलीचा वास येतो. तुमच्याकडं मोटारीचा येतो. शहराच्या जवळ ऱ्हाता ना तुमी!"

सुगंधाबाईला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. इहीण वाटंला लागली आणि तिनं मुंजाबाला समोर बसवलं.

"लेकीच्या लेकराचं जावळ जवळ आलंय. इहीणबाई पुन्यांदा येणार हायेत. तवर ह्यो शिंगाड्या गळायचा थांबला तर ऱ्हाईल, नायतर भंगारवाल्याच्या गाड्यावर जाईल. एक थेंब जरी जमिनीवर दिसला ना, तर मी तुमाला इचारणार बी नाय."

"अगं पण मशीन गेली तर मी काय करू?"

"माणसं थांबवत बसा."

मुंजाबाला हे लागलं. मशीन गेली तर हातात पुन्हा कुऱ्हाड, आणि आता ते खांदे राहिले नव्हते. शेजारच्या बन्सीनं नवीकोरी मशीन आणली होती आणि कामं त्याच्याकडं वळायला लागली होती. मुंजाबा शहरात, शहागंजच्या बाजारात जाऊन आला. तिथला दुकानदार मशीन उलटीपालटी करून म्हणाला, "चाचा, इसका टंकी तो अब बनताच नहीं. नया लेव." मुंजाबानं त्यालाही थांबवून मशकीची गोष्ट सांगितली आणि तसाच परत आला.

मग सुरू झाले मुंजाबाचे उपाय.

पहिल्यांदा कपड्याचा साबण. टाकी रिकामी करून चिरेत दाबून भरला. तो एका झाडापुरता टिकला, मग मशीनच्या हादऱ्यानं खपली पडली. दुसऱ्यांदा गूळ आणि चुना. जुन्या विहिरींचे दगड ह्यानंच धरलेत, असं म्हणत त्यानं दोन्ही एकत्र कुटलं, चिरेवर लिंपलं आणि मशीन उन्हात वाळत ठेवली. चुना वाळायच्या आत मुंग्यांची रांग लागली. मुंग्यांचं कौतुक बघायला मुंजाबानं वाटेवरच्या एकाला थांबवलं, आणि गप्पांत असताना शेळी आली आणि गूळ-चुना सगळा चाटून गेली. ती दिवसभर विचित्र ढेकर देत हिंडली. सुगंधाबाईनं त्या संध्याकाळी दूध काढलं नाही. म्हणाली, "काडी लावली तर पेटंल ते."

तिसरा उपाय मात्र त्याला खरा सापडला. बाभळीचा डिंक खाताना त्याच्या हातून एक खडा गळतीखाली ठेवलेल्या पेट्रोलच्या वाटीत पडला. दुसऱ्या दिवशी बघतो तर खडा होता तसाच, ना विरघळला, ना मऊ पडला. मुंजाबाचे डोळे चमकले. पाण्यात विरघळणारी गोष्ट पेट्रोलला दाद देत नाही! त्यानं डिंक कोमट पाण्यात भिजवला, चिंधीचा बारीक धागा त्यात घोळवला, चिरेत बसवला, वर जाड लेप दिला. ऊन दाखवलं, सावली दाखवली, बाळंतिणीसारखी निगा केली. लेप काचेसारखा कडक झाला. टाकी भरून त्यानं मशीन पांढऱ्या फडक्यावर ठेवली. फडकं कोरडं राहिलं.

इथंच थांबला असता तर ही गोष्टही इथंच थांबली असती. पण हात फिरवताना मुठीच्या बुडाशी, टाकीच्या वरच्या अंगाला, त्याला आणखी एक भोक दिसलं. सुईच्या नाकाएवढं, कडा ओलसर. मशीन रोज उलटी टांगल्यावर तिथूनही थेंब येत असणार. आता, भोक दिसलं की मुंजाबा काय करणार? राहिलेल्या डिंकाचा एक टपोरा ठिपका त्यानं त्यावरही ठेवला आणि फुंकर मारून वाळवला.

"बघ," तो सुगंधाबाईला म्हणाला, "बापाची इद्या."

सुगंधाबाईनं फडकं उचललं, नाकाशी नेलं, उलटं करून पुन्हा नाकाशी नेलं. तिला दोष सापडला नाही आणि याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्याच दिवशी कारभारी नावाच्या शेतकऱ्याचा सांगावा आला. वाऱ्यानं त्याच्या बांधावरची थोराड बाभूळ उसाच्या वाटेवर आडवी झाली होती. ऊस भरायचा ट्रक दुपारी यायचा होता. मुंजाबा पोचला तर बन्सीही तिथं, नवी मशीन मांडीवर घेऊन बांधावर बसलेला.

कारभारी म्हणाला, "मुंजाबा, तुझ्या आदी मी कुणाला इचारलं नाय. पण सूर्य डोक्यावर यायच्या आत वाट मोकळी पायजे. नायतर ह्या बन्सीला लावीन."

मुंजाबानं बाभळीच्या बुंध्याला हळदीचं बोट लावलं. पडलेल्या झाडालाही तो लावायचा. उभ्या झाडाला इचारावं लागतं अन् पडलेल्याला खबर द्यावी लागते, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं दोरी ओढली. शिंगाड्या ओरडला, भुसा उडाला, पहिली फांदी खाली आली. मुंजाबानं बन्सीकडं बघून मिशीला हात लावला.

तेवढ्यात शिंगाड्या बंद पडला.

दोरी ओढली. ओढली. पुन्हा ओढली. शेवटी पेट्रोल बघावं म्हणून त्यानं टाकीचं झाकण सैल केलं, तर टाकीनं 'सूंऽऽ' करून आत हवा ओढली. झाकण लावलं, दोरी ओढली, मशीन चालू. थोडं लाकूड कापलं, पुन्हा बंद. पुन्हा झाकण, पुन्हा सूंऽऽ, पुन्हा चालू.

"तात्या," बन्सीनं लांबून विचारलं, "शिंगाड्या रवंथ करतोय का?"

"मशीनला बी इसावा लागतो. मेंढरं दुपारी बसत न्हाईत व्हय?"

"पण दुपार व्हायला अवकाश हाय, तात्या."

कारभाऱ्यानं एकदा सूर्याकडं बघितलं आणि एकदा बन्सीच्या मशीनकडं.

सुगंधाबाई भाकरी घेऊन आली ती याच वेळी. लांबूनच तिला कळलं की नवऱ्याची मान खाली आहे. बंद पडलेल्या मशीनला मुंजाबा हळू आवाजात शिव्या देत होता, त्या शिव्या तो जुन्या शिंगाड्यालाही द्यायचा. हे बघून तिला आनंद व्हायला हवा होता. भंगारवाल्याची वाट मोकळी झाली होती. पण बन्सी हसत होता, आणि तिच्या नवऱ्याला हसायचा हक्क तिचा होता, बन्सीचा नव्हता.

मुंजाबानं झाकण सैल केलं. सूंऽऽ.

तिनं हा आवाज ऐकला आणि भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं.

"आवं, एक सांगा. घरी गोड्या तेलाचा डबा फोडतो तवा मी भोकं किती पाडते?"

"आता तेलाचं काय मधीच?"

"किती पाडते?"

"दोन."

"एकच का नाय?"

"एका भोकानं तेल येत नाय. दुसऱ्यातून वारं आत..." मुंजाबा बोलता बोलता थांबला. त्याचा हात आपोआप मुठीच्या बुडाशी गेला, जिथं डिंकाचा टपोरा ठिपका उन्हात मण्यासारखा चमकत होता.

सुगंधाबाई जवळ आली आणि बन्सीला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू बोलली. "ज्यानं मशीन केली त्यानं तिला नाक दिलं होतं. तुमी तेच दाबून धरलंय. जीव घुसमटला बिचाऱ्याचा."

"भोक दिसलं म्हणून..."

"माझ्या बी नाकाला दोन हायेत. बुजवता का?"

तिनं पडलेल्या बाभळीचा एक लांब, पांढरा काटा मोडला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं मशीन मांडीवर घेतली. काट्याच्या टोकानं डिंक कोरला. एका झाडाचा डिंक, त्याच जातीच्या झाडाचा काटा. मणी निघून पडला आणि टाकीनं एक लांब श्वास घेतला, माळ चढून आलेलं मेंढरू घेतं तसा.

मग शिंगाड्या जो ओरडला तो बुंधा दुभंगेपर्यंत थांबला नाही. ओंडके बाजूला लोटले तेव्हा सावली अजून पायांखाली यायची होती. कारभाऱ्यानं "वा, मुंजाबा" म्हटलं आणि पुढच्या बांधावरचं हिवराचं वाळलेलं झाडही त्याच्याच नावावर टाकलं. बन्सी उठून जवळ आला.

"तात्या, काय झालं होतं मशीनला?"

"काय नाय," मुंजाबा म्हणाला. "श्वास घ्यायला थांबला होता. तुझी नवी हाय, तिला अजून थकवा ठावं नाय."

सुगंधाबाईनं पदर तोंडाला लावला.

भाकरी खाताना तिनं निकाल सांगितला. शिंगाड्या राहील. पण घरात नाही, कणगीवर नाही आणि उलटा तर कधीच नाही. मेंढरांच्या वाड्यात, जुन्या शिंगाड्याच्या जागेवर, सरळ ठेवायचा. आणि जमिनीवर थेंब दिसला तर बोली कायम.

"दिसणार नाय," मुंजाबा म्हणाला. "डिंक हाय त्यो."

त्यानं टाकी भरली, मशीन खांद्यावर टाकली आणि हिवराकडं निघाला. सुगंधाबाई भाकरीचं फडकं झटकत उभी राहिली. धुळीत त्याची पावलं उमटत होती. आणि त्या पावलांच्या बाजूला, अगदी सुरुवातीला, एक काळपट गोल ओलावा. रुपयाएवढासुद्धा नाही. भरताना सांडलं असेल. किंवा नसेल.

तिनं पाय पुढं केला आणि अंगठ्यानं त्यावर धूळ ओढली.

"काय बघता, काकू?" मागून बन्सीनं विचारलं.

"मुंग्या," सुगंधाबाई म्हणाली.

पुढं उसाच्या कडेनं मुंजाबा चालला होता. पाठीला बाक, पण मान ताठ, खांद्यावर शिंगाड्या. समोरून एक सायकलवाला आला. त्याला वाट द्यायची सोडून मुंजाबानं हात वर केला. सायकलवाल्याचा एक पाय खाली टेकला. इथवर शब्द ऐकू येत नव्हते, पण सुगंधाबाईला ते पाठ होते. थोड्या वेळानं मुंजाबा पुढं निघाला, आणि सायकलवालाच सायकल उलटी वळवून त्याच्या बरोबर चालू लागला. दोघं हिवराच्या दिशेनं उसाआड जाईपर्यंत ती बघत राहिली, पायाचा अंगठा तिथंच दाबून.