बारकूचा गरम डबा

आमच्या कारखान्यात टाकीच्या आत शिरून वेल्डिंग करणारे पुष्कळ आहेत, पण आमच्या बारकूसारखा एक नाही. भाऊ आहे म्हणून सांगत नाही. भाऊ आहे म्हणून उलट थोडं कमीच सांगतोय. त्यानं मारलेल्या जोडावर बोट फिरवा, बाळाच्या गालावर फिरवल्यासारखं वाटेल. माझी शाळा सातवीत सुटली, पण माणसाची पारख मला साहेबांपेक्षा जास्त आहे.

लहानपणी काडीसारखा होता म्हणून त्याचं नाव बारकू पडलं. मग लग्न झालं. भावजयीच्या हाताला चव आणि ह्याच्या जिभेला लगाम नाही! अंग फुगत गेलं, नाव तेवढं बारीक राहिलं.

काम आमचं जोडीचं. टाकीत तो आणि टाकीच्या तोंडाशी मी. दिवा सोडायचा, वायर सांभाळायची, हाका मारत राहायचं. आतून ओ आली नाही तर दोर ओढायचा. त्याचा जीव माझ्या हातात, म्हणून तो दुसऱ्या कुणाला तोंडाशी उभा राहू देत नाही.

टाकीचं तोंड गोल असतं, माणूस जाईल एवढंच. तेवढ्याच मापाचं एक लोखंडी कडं आमच्या स्टोअरसमोर दोन खांबांमध्ये टांगलेलं आहे. वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून टाक्या दुरुस्त करतात. त्याआधी आत जाणाऱ्या प्रत्येकानं त्या कड्यातून पार व्हायचं. आत घेरी आली तर ओढून काढता आलं पाहिजे ना!

ह्या वर्षी साहेबांनी सराव तीन महिने आधीच घेतला. बारकूनं हात घातले, डोकं घातलं, खांदे गेले आणि पोट अडकलं. ना पुढे, ना मागे.

"अरे, टाकीत टाकी कशी जाणार?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तेल आणा रे, तेल!"

सगळे खो खो हसले. बारकूही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. ते मलाच दिसले. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बंदच्या पहिल्या दिवशी पुन्हा बघू. नाही जमलं तर आतलं काम दुसऱ्याला. तू बाहेर कठड्यांना रंग मार."

माझ्या भावानं कठडे रंगवायचे? माझ्या डोळ्यांदेखत?

तेव्हा स्टोअरवाला मदतीला आला. हा माणूस दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ बघतो, त्यामुळे त्याला सगळ्या जगाचं कळतं. म्हणाला, "कच्चं खा. कच्च्या भाजीत एन्झाइम असतात, जिवंत. पोटात गेले की कामाला लागतात, चरबी खाऊन टाकतात. शिजवलं की मेले."

बारकूनं ते मनावर घेतलं. घरी जाऊन बायकोला म्हणाला, "उद्यापासून माझ्या डब्याला गॅस लावायचा नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "पण रात्री उठून पातेली चाटलीस तर बघ!"

झालं. गाजर, कोबी, काकडी, बीट, मोड आलेले मूग आणि वर लिंबू. बसनं यायचा तो चालत यायला लागला. टपरीवरचं तळलेलं बंद, चहातली साखर बंद. एकदा मी मुद्दाम त्याच्यासमोर वडे खाल्ले. गडी हलला नाही. फक्त म्हणाला, "दादा, तू वैरी आहेस." मीच उठून लांब जाऊन बसलो.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीलगत बॉयलरचा वाफेचा पाइप जातो, त्याच्यावर फळी आहे. सकाळी आल्या आल्या सगळे डबे त्या फळीवर ठेवतात, दुपारी गरमागरम. बारकूचा हात इतक्या वर्षांच्या सवयीनं आपोआप तिकडेच जायचा.

पहिल्या दिवशी दुपारी डबा उघडला तर वाफ! कोबी मऊ, मूग फुगलेले. मी म्हटलं, "हे कच्चं कसं रे?"

बारकू जरा विचारात पडला, मग त्याचा चेहरा उजळला. "दादा, एन्झाइम चालू झालेत! मोटर चालली की गरम होते, बेअरिंग गरम होतं. चालू वस्तू गरम असणारच."

मला एकदम पटलं. सगळी उमर यंत्रांत गेली आमची, थंड यंत्र म्हणजे बंद यंत्र हे कुणी शिकवावं लागत नाही. स्टोअरवाल्यानंही मान डोलावली. रोज बारकू डब्याला हात लावून म्हणायचा, "चालू आहेत." आणि खरंच, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली.

बंदचा पहिला दिवस उजाडला. कारखान्यात एवढी शांतता की आपलीच पावलं ऐकू येत होती. कड्याची वेळ जेवणानंतरची. बारकूनं डबा हातात घेतला आणि त्याचा चेहराच उतरला.

"दादा, थंड आहे. सगळे मेले."

"कोण मेले?"

"एन्झाइम! आजच मेले रे, नेमके आजच."

जेवला नाही. गुडघ्यात डोकं घालून बसला. म्हणाला, "मी रंगच मारतो. सगळ्यांसमोर पुन्हा अडकायचं नाही मला." मी दंडाला धरून उठवला आणि कारखान्याच्याच दवाखान्यात नेला. तसंही आत जाण्याआधी डॉक्टरबाई तपासतातच.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डबा रोज कुठे ठेवता?"

"पाइपवरच्या फळीवर."

"आणि आज बॉयलर?"

"बंद," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझी जीभ दाताखाली आली.

बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "अहो, तुमचे एन्झाइम पहिल्या दिवसापासून वाफेत शिजत होते! आणि कच्चे खाल्ले असते तरी पोटात जाऊन इतर अन्नासारखे पचूनच गेले असते. पचनाला लागतात ते शरीर स्वतः बनवतं."

"मग वजन कुणी उतरवलं?" बारकूनं विचारलं.

"भाज्या खाल्ल्या, तळलेलं सोडलं, चाललात. तुम्हीच उतरवलंत, दुसरं कोण? फक्त नुसत्या पाल्यावर राहू नका. डाळ, अंडी घ्या. आणि आत्ता आधी जेवा, उपाशी माणसाला मी टाकीत सोडणार नाही."

तिथेच बाकावर बसून बारकूनं तो थंड डबा कुरुमकुरुम संपवला. "दादा," तोंडात गाजर असतानाच म्हणाला, "कच्चं लागतं असं होय! शिजलेलंच बरं होतं."

कड्याभोवती सगळे जमले होते. "तेल आणलंय रे!" तोच आवाज. बारकूनं हात घातले, डोकं, खांदे. पोटाशी आल्यावर क्षणभर थांबला. माझा श्वास अडकला. त्यानं मात्र आपला श्वास हळूच सोडला आणि पलीकडे उतरला. शर्टसुद्धा घासला नाही.

"तेल ठेव तुझ्या डोक्याला," मी त्या आवाजाला सांगितलं. साहेब म्हणाले, "चला, कामाला लागा."

बारकू टाकीत उतरला. मी तोंडाशी उभा राहिलो. आत अंधार. मी हाक मारली, "बारकू, ए बारकू!"

"ओ दादा," आतून घुमत आवाज आला. "आता इकडे जागाच जागा आहे! दिवा सोड."