डिस्क लागलीय का?

तुमच्या बॅकअपच्या डिस्कखाली काय झाकलं गेलंय, हे तुम्ही कधी पाहिलंय का? नसेल, तर तुम्हाला आमचे नाना भेटलेले नाहीत.

नाना आळेफाट्याला ट्रकची वायरिंग करायचे. त्याच गाळ्यात ते कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले आणि लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम स्वतःच्या हिमतीवर शिकले. "हे इंजिनिअर लोकांचं काम," असं कुणी म्हणालं की नाना त्यालाच पकड धरायला लावायचे.

त्यांचा एक नियम होता. प्रत्येक डिस्कला नाव, आणि कॉम्प्युटरवर त्या नावाचा एक रिकामा फोल्डर. डिस्क जोडून माउंट केली की ती त्याच फोल्डरातून उघडणार, दुसरीकडून नाही. "ट्रक कुठलाबी असू दे राव, त्याची उभं राहायची जागा ठरलेली पायजे." आणि काहीही कॉपी करण्याआधी एकच प्रश्न, "डिस्क लागलीय का?" आम्ही हसायचो.

तळेघरच्या म्हाताऱ्यांनी कुठली वावरं किती पिढ्या कसली, याच्या साक्षी मी जमिनीच्या दाव्यासाठी मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या. नानांच्या गाळ्यात त्या माझ्या डिस्कच्या 'तळेघर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या आणि मोबाईल रिकामा केला. दुसऱ्या दिवशी डिस्क लावली, तर फोल्डर कोरा! सुनावणी सोमवारी. आणि साक्ष देणारी हिराआजी तर आठवड्यापूर्वीच गेली होती.

मी नानांवरच उखडले. "तुमच्या या फुकटच्या सिस्टीमनं घात केला!"

"ताई, आदी खाली बस. काल डिस्क कुठं व्हती?"

"माझ्या घरी."

"मंग घरी असलेल्या डिस्कवर तू हितनं लिहिलंस कसं?"

नानांनी डिस्क अनमाउंट केली, म्हणजे फोल्डरवरून उतरवली, आणि तोच फोल्डर पुन्हा उघडला. सगळ्या साक्षी तिथेच होत्या, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर. बाहेरची डिस्क वर बसली की खालचं झाकलं जातं, पुसलं जात नाही. नानांनी एक फाईल लावली. "नाचणी आमच्या सासूनं पेरली, मी पेरली," हिराआजी बोलू लागली. नानांनी चष्मा काढला. "लई खणखणीत बोलली म्हातारी."

सोमवारी तो आवाज सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर वाजला आणि साक्ष नोंदली गेली. दावा अजून चालू आहे. पण शिकलेल्या माझ्या हातून हरवलेली साक्ष एका वायरमनने शोधून दिली, हे मी छाती पुढे काढून सांगते. ज्ञान कुणाची जहागीर नाही.

साक्षी सापडल्या त्याच दिवशी नानांनी त्या डिस्कवर हलवल्या आणि रिकाम्या झालेल्या फोल्डरात एक फाईल ठेवली. तिचं नावच 'डिस्क लागलेली नाही'. मग फोल्डरला कुलूप, म्हणजे डिस्क नसताना तिथे काही लिहिताच येऊ नये.

आता नजर अधू झाल्यामुळे नाना गाळा बंद करून आणे गावी राहतात. फोन केला की तब्येतीचं विचारायच्या आत विचारतात, "लागलीय का?"

म्हणून आज एवढं करा. तुमची डिस्क नीट अनमाउंट करा आणि तिचा फोल्डर उघडून पाहा. काही सापडलं, तर आधी त्याची प्रत काढा. काही नसेल, तर नानांची ती फाईल तिथे ठेवा. तुमच्याकडेही एखादी हिराआजी असेल, आणि ती दुसऱ्यांदा साक्ष द्यायला येणार नाही.